बाई नवीन

शेवट आधी सांगून टाकते. ज्यांना सिनेमा पाहायचाय त्यांनी इथूनच परत फिरावं, कारण मला शेवटापासून सुरुवात करायची आहे. गच्चीवर एक बाई उभी आहे. हातातला फोन वाजतो. पलीकडून तिचं नाव ऐकू येतं. ती क्षणभर घुटमळते आणि मग त्याला नावाने हाक मारते. 'अश्विन.' संपला सिनेमा. मिठी नाही, विमानतळावरची धावाधाव नाही, आईवडिलांचं मन वळलं वगैरे काही नाही. इतका वेळ तिच्या ओठांवर न आलेला एक शब्द आला, एवढंच घडलं.

रोहेना गेरा यांचा 'सर'. २०१८ साली कान महोत्सवातल्या क्रिटिक्स वीकमध्ये तो दाखवला गेला. आपल्याकडे यायला नोव्हेंबर २०२० उजाडला. टाळेबंदीनंतर थिएटरं नुकती कुठे किलकिली होत होती, आणि तेवढ्यात हा 'इज लव्ह इनफ? सर' असं लांबलचक नाव लावून येऊन गेला. बहुतेकांनी तो नंतर जानेवारीत नेटफ्लिक्सवर, घरात बसून पाहिला. मीही त्यातलीच. घरात बसून पाहिला हे मुद्दाम सांगते आहे, कारण या सिनेमातही जे काही होतं ते बहुतेक घरातच होतं. बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघराला चिकटलेल्या त्या एवढ्याशा खोलीत.

गोष्ट एका वाक्यात सांगितली तर तुम्हाला पन्नास सिनेमे आठवतील. बिल्डरचा मुलगा, त्याच्या फ्लॅटमध्ये राहून काम करणारी खेड्यातली तरुण विधवा, आणि त्यांचं प्रेम. गरीब-श्रीमंतांच्या जोड्या जुळवून हिंदी सिनेमाने कित्येक वर्षं आपला संसार चालवला आहे. पण जरा आठवून बघा. 'बॉबी'तली (१९७३) बॉबी कोळ्याची मुलगी होती खरी, पण तिने राजच्या घरची भांडी कधी घासली नव्हती. 'राजा हिंदुस्तानी'तला (१९९६) टॅक्सीवाला गाडी चालवण्यापेक्षा गातो जास्त. त्या सिनेमांतली गरिबी घडी न मोडलेली, इस्त्रीची असते. 'सर'मधली रत्ना मात्र काम करते. ताट वाढते, उचलते, ट्रे घेऊन पाहुण्यांमधून फिरते, साहेब जेवले की मग स्वयंपाकघरात जमिनीवर बसून स्वतः जेवते. तो आत आला की घास तोंडात असताना उठून उभी राहते. प्रेमात पडल्यावरही तिच्या हातातला ट्रे सुटत नाही. हा ट्रे मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रेमाच्या गोष्टीत नायिकेचे हात मोकळे असतात, हे आपण किती गृहीत धरून चालतो.

रत्नाचं काम तिलोत्तमा शोम यांनी केलंय. २००१च्या 'मॉन्सून वेडिंग'मध्ये त्यांचं पहिलं मोठं काम, तेही घरकाम करणाऱ्या मुलीचंच. ती अॅलिस आणि मांडववाला दुबे यांची झेंडूच्या फुलांतली प्रेमकहाणी अजून कित्येकांच्या लक्षात असेल. पण तिथे प्रेम कामवाली आणि मांडववाल्यात होतं, म्हणजे एकाच जिन्यावर. इथे एक लिफ्टने येतो आणि दुसरी सर्व्हिस लिफ्टने. शोम बंगाली आहेत, हे रत्ना बोलायला लागली की विसरायला होतं.

आणि इथेच माझ्यासारखीची पंचाईत होते. कारण रत्ना मराठी आहे.

हा सिनेमा हिंदी, पण त्यात मराठी भरपूर आहे. ती कुठे ऐकू येते ते बघा. रत्ना बहिणीशी फोनवर बोलते तेव्हा. त्याच इमारतीत काम करणाऱ्या लक्ष्मीशी (गीतांजली कुलकर्णी, त्या असल्या की सीन आपोआप खरा होतो) गप्पा मारते तेव्हा. साहेबाशी हिंदी. साहेबाचं मित्रांशी इंग्रजी. म्हणजे एका फ्लॅटमध्ये तीन भाषा तीन मजल्यांसारख्या रचलेल्या, आणि आपली सगळ्यात खालच्या मजल्यावर, सिंकशेजारी. इतर प्रेक्षक सबटायटल वाचत असतील तेव्हा आपल्याला वाचावं लागत नाही. स्वयंपाकघराच्या दाराआडून आपल्याच घरातलं कुणीतरी बोलतंय, असं ते थेट कानावर पडतं.

हिंदी सिनेमात मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर कामवाली, ही आपली जुनी तक्रार आहे. मीही केलेली आहे, तावातावाने. पडद्यावर कुणी 'शांताबाई' आली की आमच्या घरात सगळ्यांचे चेहरे आंबट होतात. 'सर' सुरू झाला तेव्हाही पहिली पाच मिनिटं माझ्या मनात तेच होतं, की घ्या, पुन्हा आपलीच बाई भांडी घासायला. मग केव्हातरी त्या रागाचं एक टोक माझ्या हाताला लागलं आणि मी ते ओढत राहिले. मला नेमकं लागलं होतं काय? आपल्या भाषेची नक्कल केली म्हणून? इथे तर नक्कल नव्हती, भाषा प्रेमाने, नीट वापरली होती. मग मला लागलं ते एवढंच, की मला कुणी तिच्या रांगेत उभं केलं. म्हणजे त्या रागात मराठीचा अभिमान पाव हिस्सा आणि कामवालीबद्दलची तुच्छता पाऊण हिस्सा. मी भाषेने रत्नाची आणि राहणीने अश्विनची. अश्विनएवढा मोठा फ्लॅट माझा नाही, पण त्याच्यासारखी बेल मीही वाजवते. माझी बेल तोंडाने असते, इतकाच फरक. 'मावशी, चहा टाका हो.'

आता या 'मावशी'कडे येऊ.

मी शाळेत होते तेव्हा शिकवणाऱ्या बाईंना आम्ही 'बाई' म्हणायचो. देशपांडेबाई, कुलकर्णीबाई. जिजाबाई, लक्ष्मीबाई, आनंदीबाई, सगळ्या बाईच. केवढा वजनदार शब्द होता! घरी काम करणारी आईला 'बाई' म्हणायची आणि आई तिला नुसत्या नावाने, 'अगं' म्हणून हाक मारायची. मग मधल्या काळात कधीतरी शाळेतल्या बाईंच्या 'टीचर' झाल्या, 'मिस' झाल्या, आणि मोकळा झालेला 'बाई' हा शब्द घरंगळत जाऊन धुण्याभांड्यांपाशी थांबला. 'आज आमची बाई आली नाही.' 'तुमची बाई किती घेते?' राणीचा शब्द मोरीत आला आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. पुढे तोही जरा बोचायला लागला, म्हणून आम्ही सुधारलेल्या लोकांनी 'मावशी' काढला. आमच्या मावशी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना मावशी म्हणते आणि त्या मला ताई म्हणतात. नात्याचं हे गणित कुठल्याच कुटुंबात सुटणार नाही. शिवाय तोंडावर 'अहो मावशी, तुम्ही', आणि मैत्रिणीशी फोनवर 'ती आलीच नाही बघ आज'. इथे लिहिताना 'त्या' लिहिण्यासाठी मला दोनदा खोडावं लागलं, हेही सांगून टाकते. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही.

नात्याचं नाव दिलं की नातं निर्माण होतं, असा आपला भाबडा समज. उलट नात्याचं नाव दिलं की पगाराचं बोलणं अवघड होतं, एवढं खरं. मावशीकडे कुणी रजेचा हिशेब मागतं का? पण आपण मागतो. २०२०च्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीने बाहेरून येणाऱ्यांना गेट बंद केलं. पहिले दोन महिने मी मावशींना पूर्ण पगार पाठवला, आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. तिसऱ्या महिन्यापासून अर्धा पाठवला. माझा पगार तेव्हा पूर्ण येत होता.

१९६३ साली आपल्याकडे 'मोलकरीण' नावाचाच सिनेमा आला होता. त्यात सुलोचनाबाई स्वतःच्या मुलाच्या घरी मोलकरीण म्हणून राबतात. लहानपणी दूरदर्शनवर तो बघताना घरातल्या समस्त बायका पदराने डोळे टिपत होत्या, आणि मोरीतून भांड्यांचा आवाज येत होता. आपल्या सिनेमाला मोलकरणीवर प्रेम करायचं तर ती आधी कुणाची तरी आई निघावी लागते. ती आई असेल तर रडू येतं. ती नुसतीच पंचविशीची, स्वप्नं असलेली, देहाची बाई असेल तर? तर घरातल्या मालकीणबाईच्या पोटात गोळा येतो. 'सर'ने हे धाडस केलं. रत्नाला कपडे शिवायला शिकायचंय, नव्हे, फॅशन डिझायनर व्हायचंय. ती भीत भीत साहेबाकडून शिवणकामासाठी दुपारची सवड मागून घेते. एका भपकेबाज दुकानात नुसते कपडे बघायला शिरते तर तिला हुसकून काढतात. त्या काचेच्या दुकानातून बाहेर पडताना तिने मान किती खाली घातलीय ते बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

बांगड्यांबद्दल थांबायलाच हवं. रत्ना एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली, लग्नाला काही महिनेच झाले असताना. नवरा आजारी होता हे सासरच्यांनी लपवलेलं. गावात तिच्या हातात बांगड्या नसतात. मुंबईकडे येताना वाटेत ती त्या चढवते. एक शब्द न बोलता. मुंबई म्हणजे काय, हे त्या दोन हातांनी सांगितलं तेवढं टोलेजंग इमारतींच्या ड्रोन शॉटांनी कधी सांगितलेलं नाही. श्रीमंत माणसाच्या घरची नोकरी, पण त्या नोकरीत तिला बांगड्या घालता येतात. मालक चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा. गावापेक्षा ही मोलकरणीची खोली मोठी आहे. ही कथा घडून, चित्रित होऊन गेल्यावर, मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. म्हणजे २०२२ सालीही याचा ठराव करावा लागतो. रत्नाने तो एसटीच्या वाटेवर एकटीने करून टाकला होता.

अश्विन लग्न मोडून, भावाच्या मृत्यूमुळे न्यूयॉर्क सोडून परत आलेला, उदास. त्याला रत्ना सांगते की माझ्यावर एवढं सगळं कोसळलं, पण आयुष्य थांबत नाही. मालकाला हे सांगायची हिंमत करून ती लगेच माफी मागण्याच्या बेतात येते. इथे मला पहिल्यांदा वाटलं, की आता यांच्यात काहीतरी होणार.

पण अश्विनबद्दल माझी तक्रार आहे. तो फार गुणी आहे. आवाज चढवत नाही, 'थँक यू' म्हणतो, शिवणयंत्र भेट देतो, दार वाजवतो, 'नाही' म्हटल्यावर मागे सरतो. विवेक गोम्बर यांनी तो इतका हळुवार केलाय की राग यायला जागाच राहत नाही. लेखिका-दिग्दर्शिकेने तराजूच्या एका पारड्यात आधीच वजन घालून ठेवलंय. पटकथेसाठी त्यांना फिल्मफेअरही मिळालं, आणि ती पटकथा घट्ट विणलेली आहे हे मी मान्य करते. तरी विचारावंसं वाटतं. अश्विन जरा चिक्कू असता, विसराळू असता, महिन्याच्या सात तारखेला पगार देणारा असता, तर? म्हणजे आपल्यासारखा असता तर?

हा प्रश्न मला सुचलेला नाही. तो मावशींचा आहे.

सिनेमा पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना गोष्ट सांगितली. मेथी निवडत होतो. त्या दाराशी जमिनीवर, मी खुर्चीवर. ('खुर्चीत बसा की', 'नको ताई, हितं बरं वाटतंय' हा संवाद आमच्यात नऊ वर्षं चालू आहे, आणि आता दोघींनाही त्यातला फोलपणा माहीत झालाय.) त्या ऐकताना 'मंग?' म्हणतात. बांगड्यांच्या ठिकाणी 'मंग' आला नाही, नुसती मान हलली. दुकानातून हाकललं तिथे त्या हसल्या. शिवणयंत्राच्या ठिकाणी म्हणाल्या, 'कुठल्या कंपनीचं?'

गणपतीत सगळ्यांबरोबर नाचलेली रत्ना, नंतर त्या दोघांचं जवळ येणं, हे मी जरा आवरतं घेत सांगितलं. मावशींनी मेथीची जुडी खाली ठेवली. 'तो चांगला व्हता म्हणून ष्टोरी झाली ताई. तसा नसता तर तिनं सांगायचं कुणाला?'

उत्तर माझ्याकडे होतं, कागदावरचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलंय, घरकामगार बाईला जिल्ह्याच्या समितीकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात तर घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८चा आहे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, त्यातून संघटना उभी राहिली. हे सगळं मला माहीत होतं. मी त्यांना मंडळात नाव नोंदवायला नेलं होतं का? नाही. मी म्हटलं, 'कायदा आहे हो मावशी.' त्या म्हणाल्या, 'आसंल.'

मग शेवट सांगितला. रत्ना काम सोडून बहिणीकडे जाते, अश्विन परत न्यूयॉर्कला, पण जाण्याआधी डिझायनर मैत्रिणीकडे तिच्यासाठी शब्द टाकून. मला वाटलं, मावशींना फोनवरची ती हाक आवडेल. त्यांनी ती ओलांडूनच टाकली. 'म्हंजे प्रेम दोघांनी केलं,' त्या म्हणाल्या, 'आन् काम हिचं गेलं.'

अश्विनच्या मित्राने सिनेमात हे प्रेम कसं अशक्य आहे ते समजावलंय, रत्नाने स्वतः समजावलंय, समीक्षकांनी पानं भरली. पण एवढ्या थोडक्यात कुणी मांडलं नव्हतं. मी काही वेळ नुसतीच देठं खुडत बसले.

तरी मला तो शेवट आवडतो. 'सर' हा शब्द मराठीत किती ठिकाणी राहतो बघा. मोत्यांचा सर असतो. पावसाची सर असते. आणि 'त्याची सर हिला येणार आहे का?' असं आपण विचारतो, नाक मुरडून, बहुतेक लग्न जमवताना. रत्नाला दिवसातून वीस वेळा 'सर' म्हणावं लागतं आणि सगळ्या इमारतीला खात्री असते की तिला सर येणार नाही. दोघांच्या खोल्यांमधून कॅमेरा आडवा सरकत जातो आणि मधली भिंत आपल्याला जाडीसकट दिसते, तेव्हा ती भिंत विटांची नसून या एका अक्षरजोडीची आहे असं वाटत राहतं. जातीबद्दल सिनेमा थेट बोलत नाही. ते मला खटकलं, कारण आपल्याकडे वर्ग एकटा घराबाहेर पडत नाही, जात सोबत घेऊनच निघतो. 'सैराट' (२०१६) पाहिलेल्या प्रेक्षकाला तर कुठल्याही प्रेमाच्या शेवटी पाठीत धस्स होतंच. इथे तसं होत नाही, कारण दिग्दर्शिकेने अश्विनला वेळीच समुद्रापार पाठवलंय. तो मालक राहिला नाही, ती कामाला राहिली नाही, वॉचमन बघत नाही, आई बघत नाही. इतकं सगळं हटवल्यावर मग एक नाव तोंडातून निघू शकतं. प्रेम पुरतं का, असं सिनेमाचं शीर्षक विचारतं. मला विचाराल तर प्रेम पुरलं असतं. त्या फ्लॅटमध्ये पुरलं नसतं.

त्या रात्री मला उगाचच वाटलं की फोनमधलं मावशींचं नाव बदलावं. नऊ वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी घाईत सेव्ह केलं होतं, 'बाई नवीन'. तेव्हा जुनी बाई सोडून गेली होती म्हणून ही नवीन. मी ते खोडलं आणि त्यांचं नाव लिहिलं. पुढे आडनाव लिहायला गेले आणि थांबले. मला ते येत नव्हतं. पहिल्या नावाच्या आणखी दोघी फोनमध्ये होत्या, घोटाळा झाला असता. सकाळी विचारू म्हणून 'कॅन्सल' दाबलं. सकाळी दूध उतू गेलं, आणि ते राहिलं.

मागच्या आठवड्यात काम आटोपून निघताना मावशींना त्यांचा फोन सापडेना. बादलीत बघितला, फ्रिजवर बघितला. 'ताई, एक मिसकॉल मारा की.' मी माझा फोन जरा वळता धरून लावला, कारण मावशींना वाचता येतं. गॅसच्या शेगडीमागून गुरगुर ऐकू आली. हात माझा आधी पोचला. उपड्या पडलेल्या फोनला पीठ लागलं होतं. पुसून सरळ केला तर स्क्रीनवर नाव वाजत होतं: '४०२ आजी'.

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. त्या असताना आमच्याकडून फोन करायच्या त्याच.

'अहो मावशी, हे नाव तेवढं...' असं म्हणत मी मान वर केली. मावशी माझ्या दुसऱ्या हाताकडे बघत होत्या. माझा कॉल अजून चालूच होता.